स्वयंसेवकांचा वार्षिक आढावा आणि मुलांची गोपनीय कागदपत्रं : तुमच्याकडे कसं करता?

पाऊलवाट | ३ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. ठाण्यात एका छोट्या संस्थेत मी स्वयंसेवकांचं काम बघते. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचे १४ जण पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणांतल्या मुलांबरोबर असतात. काहींना बाल कल्याण समितीने (अशा मुलांची काळजी बघणारी जिल्ह्याची समिती) सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलाला साथ द्यायला नेमलंय, बाकीचे शाळेचा दाखला, दवाखाना, समुपदेशनाला ने-आण अशी कामं करतात. दर जूनमध्ये आम्ही प्रत्येकाच्या कामाचा आढावा घेतो.

यंदा जे घडलं ते सांगते, कारण हा धागा त्यामुळेच काढलाय.

आमच्या फॉर्मात 'केलेल्या कामाचं एक उदाहरण' असा रकाना आहे. एका ताईंनी त्यात मनापासून पाऊण पान लिहिलं होतं. कार्यकारिणीच्या बैठकीला तीन प्रती हव्या होत्या, ऑफिसचं मशीन बंद होतं, म्हणून मी कोर्टनाक्याजवळ झेरॉक्सला गेले. प्रती घेतल्या, पैसे दिले, दहा पावलं चालले असेन तर मागून दुकानातल्या मुलाने हाक मारली. मूळ कागद काचेवरच राहिला होता. कागद कुणाचा हे बघायला त्याने वरची ओळ मोठ्याने वाचली. त्या ओळीत मुलीचं नाव होतं, शाळा होती, इयत्ता होती. दुकानात पाच-सहा माणसं उभी. मी कागद घेतला, छातीशी धरला आणि तशीच स्टेशनपर्यंत चालत गेले. रिक्षा करायचंसुद्धा सुचलं नाही.

त्या मुलीची फाइल लोखंडी कपाटात आहे. कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये असते, फाइल काढली की वहीत सही होते. एवढं सगळं करून तिचं नाव बाहेर आलं ते स्वयंसेवकाच्या आढाव्यातून. त्या कागदाकडे मी मुलांचा कागद म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. चूक माझी आहे. मी वरिष्ठांना सांगितलं, समितीला लेखी कळवलं आणि मुलीच्या आईला भेटून आले.

आता प्रश्न असा की काम कसं झालं हे मुलाबद्दल काहीच न लिहिता ठरवायचं कसं? आणि दुसरी अडचण. आमच्या एक ज्येष्ठ ताई आहेत, मुलांबरोबरचं त्यांचं काम इतकं चांगलं की मी स्वतः त्यांच्याकडून शिकले. पण त्या अहवाल लिहीत नाहीत. महिना उलटतो, मी फोन करते, त्या म्हणतात, अगं मुलगी बरी आहे, काय लिहू? त्यांचा आढावा काय लिहू हे मला कळत नाही.

कळवा_लोकल | ३ जुलै, रात्री ११.२५

ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मी चार वर्षं सपोर्ट पर्सन म्हणून काम करतेय.

अहवालाचं आधी बोलते, कारण ते आपल्या मर्जीवर नाही. पोक्सो नियम २०२० मधल्या नियम ४ प्रमाणे खटला संपेपर्यंत समिती आपल्याकडून दर महिन्याला अहवाल मागते. मुलाची तब्येत, मन, घरची परिस्थिती, सावरण्यात किती पुढे आलं, हे सगळं त्यात यायला हवं. 'मुलगी बरी आहे' एवढ्याने भागत नाही. ती झोपते का, शाळेत जायला लागली का, आरोपीच्या घरचे गल्लीत येऊन काही बोलतात का, हे समितीला कळलं तरच पुढची मदत मिळते. तुमच्या ताईंनी न लिहिलेल्या प्रत्येक महिन्यात त्या मुलीची काही ना काही मदत अडली असू शकते. हे त्यांना असंच सांगा. रागावून नको, पण स्पष्ट.

आणि सांकेतिक नावांबद्दल एक अनुभव. आमच्याकडे नावाऐवजी खुणा लिहायच्या ठरल्या. एकीने लिहिलं, 'मुंब्रा, सातवी, मामा'. तिला वाटलं नाव लपलं. त्या वस्तीतल्या कुणाच्याही हातात ती चिठ्ठी पडली असती तर एका मिनिटात घर ओळखलं असतं. तेव्हापासून आम्ही नुसता क्रमांक वापरतो आणि क्रमांक कुणाचा हे सांगणारी यादी वेगळ्या जागी ठेवतो.

ट्रान्सहार्बर लोकलला दोघी भेटलो की केसबद्दल बोलायचं नाही, हाही नियम केलाय. ठाणे ते वाशी गर्दीत आपल्या खांद्याला खांदा लावून कोण उभं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

तलावपाळी | ४ जुलै, सकाळी ७.१०

मी आस्थापना शाखेत ३१ वर्षं काढली. सरकारी नोकरीत वर्षाअखेर गोपनीय अहवाल लिहिला जायचा, आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. शेकडो अहवाल माझ्या हातून गेले, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे 'गोपनीय' म्हणजे काय, तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच दिसायचं नाही. फक्त प्रतिकूल शेरा असला तर कळवायचा. माणसं वर्षानुवर्षं 'साधारण' शेऱ्यावर अडकायची आणि त्यांना पत्ता नसायचा. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो, वाईट असो, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे आणि त्याला म्हणणं मांडता आलं पाहिजे. तो निकाल सरकारी नोकरांपुरता, तुमच्या संस्थेला तो लागू नाही. पण त्यातलं तत्त्व घ्या.

तुमच्या कामात गोपनीयता दोन जागी आहे आणि त्यांची गल्लत झाली आहे असं मला वाटतं. मुलाची माहिती स्वयंसेवकाच्या आढाव्यात एका अक्षरानेही यायला नको. आणि आढाव्यात जे लिहिलंय ते स्वयंसेवकापासून मुळीच लपवायचं नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. आढावा स्वयंसेवकाला दाखवत नाहीत आणि मुलाची कहाणी मात्र त्यात सविस्तर लिहितात.

म्हणून दोन फाइली करा. स्वयंसेवकाची फाइल वेगळ्या कपाटात किंवा निदान वेगळ्या खणात, वेगळ्या किल्लीने. तिच्यात अर्ज, पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाची नोंद, गोपनीयतेचं हमीपत्र, आढावा, आणि आढाव्यावर त्याचं स्वतःचं म्हणणं. मुलाच्या फाइलीत मुलाचे कागद. दोन्हीकडे जाणारा एकच दुवा, तो म्हणजे क्रमांक.

शेरा लिहिताना 'चांगले', 'समाधानकारक' हे शब्द टाळा. त्यातून काही कळत नाही. '१२ पैकी ९ अहवाल वेळेवर', 'कोर्टाच्या ५ तारखांपैकी ५ ला हजर', असं लिहा. यात मूल कुठेच येत नाही आणि काम पूर्ण दिसतं.

वर्तकनगर_जुने | ४ जुलै, सकाळी ९.३०

मला हे सगळं वाचून वाईट वाटतंय. माणसं स्वतःच्या खिशातून रिक्षाचे पैसे घालून, सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी लेकरासाठी उन्हात कोर्टाबाहेर उभी राहतात. त्यांचे १२ पैकी ९ मोजायचे? माझी बायको असं काम करायची. पहिल्याच आढाव्यानंतर तिने सोडलं. तिला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही. चांगली माणसं अशाने निघून जातील.

एक_आई | ४ जुलै, दुपारी २.०५

मी इथे फक्त वाचते. आज लिहिते आहे.

माझ्या मुलीच्या केसमध्ये दोन वर्षांत तीन ताई बदलल्या. पहिल्या ताई नोकरी लागली म्हणून गेल्या, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. दुसऱ्या ताई खूप प्रेमळ. मुलीला त्यांची सवय लागली. तिच्या वाढदिवसाला केक घेऊन आल्या, फोटो काढला आणि स्वतःच्या स्टेटसला लावला. चेहऱ्यावर फूल चिकटवलं होतं. पण मागे आमच्या चाळीचा जिना आणि निळा दरवाजा दिसत होता. संध्याकाळपर्यंत माझ्या जावेचा फोन आला, की ही बाई कोण, कुठल्या संस्थेची, तुमच्याकडे कशाला येते? आम्ही नातेवाइकांना काहीही सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात खोली बदलली.

त्या ताईंचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. पण त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हालाही कुणी विचारलं नाही की ही ताई तुम्हाला बरी वाटते का. मला तर तेव्हा हेही माहीत नव्हतं की ताई बदलून मागता येतात.

दादा, तुमच्या पत्नीला दुखावलं गेलं त्याचं मला वाईट वाटतं. पण कुणीतरी मोजायला हवं होतं.

वर्तकनगर_जुने | ४ जुलै, दुपारी ३.१५

ताई, तुमचं वाचून गप्प झालो. माझं म्हणणं मागे घेतो. एवढंच सांगतो, की आढावा ज्या पद्धतीने घेतला त्याने ती दुखावली होती. समोर चार जण बसले आणि एक फॉर्म वाचून दाखवला, हिला एक शब्द बोलू दिला नाही. तलावपाळी काका म्हणतात तसं म्हणणं मांडता आलं असतं तर कदाचित ती आजही काम करत असती.

वकील_बेलापूर | ४ जुलै, रात्री ९.५०

एक_आई यांनी जे शेवटी लिहिलं त्यावर आधी. नियम ४ मध्ये स्पष्ट आहे. मूल, आईवडील, पालक किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती सपोर्ट पर्सनची सेवा थांबवण्याची विनंती समितीला करू शकते, आणि मुलाने कारण सांगायची गरज नाही. हे पहिल्याच भेटीत सोप्या भाषेत सांगितलं गेलं का, हा प्रत्येक आढाव्यात पहिला प्रश्न असावा असं माझं मत आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात. सपोर्ट पर्सनने मुलाबद्दलची सगळी माहिती कायम गोपनीय ठेवायची, हेही त्याच नियमात आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये वर्तमानपत्र, दृक्-श्राव्य माध्यमं यांच्याबरोबर 'संपर्काची इतर साधनं' असे शब्द आहेत. मूल ओळखू येईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा दुसरा कोणताही तपशील उघड करायचा नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप स्टेटस या शब्दांत बसतं असंच मी माझ्या अशिलांना सांगतो. चेहऱ्यावर फूल लावून भागत नाही. निळा दरवाजा हाही 'तपशील' आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालातही हेच तत्त्व आहे : नाव छापलं नाही म्हणजे पुरे नाही, ज्यातून ओळख पटेल असं काहीही नको.

पण गोपनीयतेची दुसरी बाजू आढाव्यात तपासा. काही स्वयंसेवक मुलाला वचन देतात, 'तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही.' असं वचन कधीही द्यायचं नाही. नवा अत्याचार कळला, किंवा होण्याची भीती दिसली, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाला आधीच सांगावं, 'तुला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, आणि कुणाकडे मागते ते तुला सांगून करीन.'

नवी मुंबईतल्या संस्थांसाठी एक गोष्ट. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय एक असलं तरी बाल कल्याण समित्या जिल्ह्याप्रमाणे वेगळ्या. कुटुंब तुर्भ्याहून कळंबोलीला राहायला गेलं की कागद दुसरीकडे जातात. तेव्हा समितीच्या आदेशानेच, बंद पाकिटात, पोच घेऊन पाठवा. फोनवरून फोटो काढून पाठवू नका. आणि त्या पाकिटात स्वयंसेवकाच्या आढाव्याचा कागद चुकूनही जाऊ देऊ नका.

घणसोलीकर | ५ जुलै, सकाळी ८.२०

मी आयटीत आहे, आमच्या भागातल्या एका संस्थेचं हे काम सांभाळतो. कपाटाला कुलूप असतं, खरी गळती फोनमधून होते.

स्वयंसेवक एफआयआरच्या प्रतीचा फोटो काढतो, कारण पुढच्या तारखेला लागेल. तो फोटो गॅलरीत जातो, गॅलरी आपोआप क्लाउडवर जाते, त्याच खात्यावर घरचा टॅबलेट चालतो आणि टॅबलेट सातवीतल्या पुतण्याच्या हातात असतो. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून आम्ही संस्थेचे दोन साधे फोन घेतले. कागदाचा फोटो लागलाच तर त्याच फोनवर, काम झालं की पुसायचा. स्वतःच्या फोनवर तारखेची आठवण ठेवायची तर फक्त क्रमांक आणि वेळ.

शेअर केलेल्या शीटची लिंक 'कुणालाही उघडेल' अशी ठेवू नका, नावानिशी परवानगी द्या. आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी परवानगी काढा. आम्ही एकदा तपासलं तर काम सोडून गेलेल्या तिघांना शीट अजून दिसत होती. त्यांनी उघडली नव्हती, पण उघडता आली असती.

ऐरोली_सेक्टर८ | ५ जुलै, दुपारी १२.४०

मी काही वर्षं अमेरिकेत होते, तिथे कासा या, न्यायालयात मुलांची बाजू मांडणाऱ्या उपक्रमात स्वयंसेवक होते. १९७७ मध्ये सिएटलमध्ये न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी तो सुरू केला. मुलाच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा आणि मुलाच्या बाजूने बोलणारं कुणी समोर नाही, ही त्यांची अडचण होती. तिथलं सगळं इथे लागू नाही, कारण तो स्वयंसेवक न्यायालयाला मुलाच्या हिताची शिफारस करतो. आपल्याकडचा सपोर्ट पर्सन साथ देतो.

पण एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. काम मिळण्याआधी ३० तासांचं प्रशिक्षण, नंतर दरवर्षी १२ तास, आणि प्रत्येक स्वयंसेवकावर एक पर्यवेक्षक. माझ्या पर्यवेक्षक वर्षाची वाट बघत नसत. महिन्यातून एकदा अर्धा तास बसायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, 'या महिन्यात तुला काय जड गेलं?' मी एकदा रडले होते. त्यांनी ते कुठेही लिहिलं नाही, पण पुढचं प्रकरण मला दोन महिने उशिरा दिलं. वर्षअखेरच्या आढाव्यात मला धक्का बसेल असं काहीच नसायचं, कारण सगळं आधी बोलून झालेलं असायचं.

पाऊलवाट | ९ जुलै, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय केलं ते लिहिते.

'कामाचं उदाहरण' हा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी प्रश्न घातले. किती अहवाल वेळेत गेले. कोर्टाच्या तारखेआधी मुलाला साक्षीची खोली, पाण्याची जागा, स्वच्छतागृह दाखवलं का. ताई बदलून मागता येतात हे पहिल्या भेटीत सांगितलं का. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन दिलं होतं का. आपल्या फोनवर मुलाचं काही आहे का, हे समोर बसून दोघींनी तपासलं का. उत्तरं आकड्यांत किंवा 'हो', 'नाही' अशी. खाली स्वयंसेवकाचं म्हणणं आणि सही, आणि एक प्रत त्याला.

मुलांना आणि घरच्यांना मी स्वतः विचारणार आहे, स्वयंसेवक सोबत नसताना. उत्तर मुलाच्या फाइलीत राहील. आढाव्यात फक्त 'कुटुंबाशी बोलणं झालं' आणि सुधारणा हवी असेल तर ती, तीसुद्धा अशा शब्दांत की कोण बोललं हे कळू नये. एक_आई, हे तुमच्यामुळे.

ज्येष्ठ ताईंकडे कालच गेले. कळवा_लोकलनी सांगितलं तसं बोलले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'अगं, मला लिहायला बसलं की ती मुलगी डोळ्यांसमोर येते आणि हात चालत नाही. सोबत असताना काही होत नाही बघ, लिहितानाच होतं.' मी इतकी वर्षं त्याला आळस समजत होते. आता ठरलंय, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या ऑफिसात येतील, त्या बोलतील आणि मी लिहीन. मग वाचून त्या सही करतील. काल पहिला अहवाल झाला. ४० मिनिटं लागली. त्यात तीन गोष्टी अशा निघाल्या की समितीला दोन महिन्यांपूर्वीच कळायला हव्या होत्या. त्यांच्या आढाव्यात मी दोन्ही लिहिलंय, मुलांबरोबरचं काम उत्तम आणि वर्षात ७ अहवाल गेले नाहीत. त्यांनी वाचलं, मान हलवली, सही केली.

एक_आई | ९ जुलै, रात्री १०.५०

बरं वाटलं वाचून. एक विचारू का? मागच्या वर्षांचे फॉर्म, ज्यात उदाहरणं लिहिलेली आहेत, ते कुठे आहेत?

पाऊलवाट | ९ जुलै, रात्री ११.०५

सहा वर्षांचे आहेत. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात. खणाला कुलूप नव्हतं, आज लावलं. शनिवारी बसून नावांवर काळी शाई फिरवायचा विचार आहे.

तलावपाळी | १० जुलै, सकाळी ६.५५

शाई नको. कागद उजेडासमोर धरला की मागून वाचता येतं. मी हे कार्यालयात पाहिलंय. आढाव्याचे आकडे नव्या कागदावर उतरवून घ्या, स्वयंसेवकाची नवी सही घ्या आणि जुना कागद कातरून नष्ट करा. किती कागद, कोणत्या वर्षाचे, कुणासमोर नष्ट केले, याची नोंद ठेवा. नोंदीत नाव नको.

वकील_बेलापूर | १० जुलै, सकाळी ८.३०

त्याआधी एक. ज्या प्रकरणाचा खटला किंवा अपील चालू आहे त्यासंबंधीचा कोणताही कागद समितीला विचारल्याशिवाय नष्ट करू नका. तोवर तो मुलाच्या फाइलीत, बंद पाकिटात ठेवा.

तलावपाळी | १० जुलै, सकाळी ८.४५

बरोबर. माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाऊलवाट, शनिवारी मी मोकळा आहे, कोर्टनाक्यापासून पाच मिनिटांवर राहतो. मदतीला येऊ का? सहा वर्षांचे कागद एकटीने होणार नाहीत.

पाऊलवाट | १० जुलै, सकाळी ९.२०

काका, तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं. पण ते कागद तुम्हालाही दाखवता येणार नाहीत.

तलावपाळी | १० जुलै, सकाळी ९.३५

अगदी योग्य. मग कागद कातरायचं यंत्र मी घेऊन देतो. शुक्रवारी संध्याकाळी दारात आणून ठेवतो, कागद तुमचे तुम्हीच घाला. कुठे आणू तेवढं निरोपातून कळवा.